एकतीस टक्के

काकांनी खोकं तिसऱ्यांदा उलटं करून तळावर थाप मारली, तेव्हा आतून कागदाची एक घडी पडली. आधीच्या दोन खेपांना एक वायर आणि सिम काढायची एक बारीक सुई पडली होती. फोन हातात होताच. काकांनी घडी उलगडली आणि झटकली. तिच्यातूनही चार्जर पडला नाही.

कागदाच्या घडीत चार्जर मावत नाही हे काकांना कळत होतं. पण माणूस घाबरला की जिथे वस्तू असणं शक्यच नाही, तिथेही एकदा बघून घेतो. त्यांनी खोक्याचा पुठ्ठा चाचपला, सोफ्याखाली वाकून पाहिलं, आणि शेवटी, जरा ओशाळून, स्वतःच्या शर्टाचा खिसाही पाहिला. मग फोनच्या कोपऱ्यातला आकडा पाहिला. एकतीस टक्के.

"काय शोधताय?" काकूंनी आतून विचारलं.

"काही नाही. खोकं बघतोय. मजबूत आहे."

काकूंना दिसत नव्हतं, पण नवऱ्याच्या आवाजातलं खोटं त्यांना भिंतीपलीकडूनही ऐकू येई. त्यांनी आत एक भांडं आपटलं. त्यामुळे काका जास्तच घाबरले.

घाबरण्यासारखंच होतं. तीन वर्षांत काकूंच्या दोन्ही डोळ्यांवर दुधासारखी साय धरली होती. उजेड-अंधार कळे, समोर माणूस उभा आहे एवढं कळे, चेहरा कळत नसे. डॉक्टर म्हणाले होते, दुसऱ्या कुणाचं बुबुळ मिळालं तर एका डोळ्याने तरी दिसेल. नेत्रपेढीच्या यादीत नाव घातलं, त्याला अकरा महिने झाले. सतरावं नाव सहावं झालं, सहावं तिसरं झालं, आणि गेल्या आठवड्यात नेत्रपेढीतल्या बाईंनी सांगितलं, आता तुमचं पहिलं. फोन कधीही येईल. दोनदा लावू, उचलला नाही तर पुढच्या नावाला लावू, कारण डोळा कुणासाठी थांबत नाही. बाई हे अगदी साध्या आवाजात म्हणाल्या होत्या. काकांना ते वाक्य तेव्हापासून जेवताना, आंघोळ करताना, दात घासताना ऐकू येत होतं.

आणि तो फोन आता एकतीस टक्क्यांवर आला होता. पाहता पाहता तीस झाला.

काकांना सगळी इमारत लाइनमनकाका म्हणत असे. टेलिफोन खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं काढली होती. खड्डे खणायला म्हणून लागले आणि लाइनमन म्हणून निवृत्त झाले. शहरातला एकही खांब असा नव्हता ज्यावर ते चढले नव्हते. अशा माणसाच्या घरात फोन उपाशी मरावा, ही गोष्ट त्यांना स्वतःलाच सांगायची लाज वाटत होती. त्यांच्या काळी फोनला जेवायला घालावं लागत नसे. त्याचं जेवण एक्स्चेंजमधून तारेतूनच यायचं, घरातली वीज जावो की राहो. फोन आपला टेबलावर बसून असे, आणि वेळ आली की वाजे. घरच्या वडीलधाऱ्यांसारखा. हा नवा फोन म्हणजे पाहुणा होता, तोही स्वतःचं ताट न घेता आलेला.

तसा जुना मोबाइल होता. चार्जरही होता. पण आदल्या दिवशी संध्याकाळी नवा फोन घेऊन माणूस आला, त्याने जुन्यातलं सिम काढून नव्यात घातलं आणि बदल्यात जुना फोन पिशवीत टाकला. तेव्हा काका आत गेले आणि जुना चार्जर घेऊन आले. माणूस म्हणाला, तो नको, नुसता फोन द्यायचा असतो. काका म्हणाले, असं कसं. खात्यात यंत्र परत करायचं म्हणजे दोरी, प्लग, सगळं सामान जमा करायचं, नाहीतर कमी भरलं म्हणून ताशेरे येतात. माणसाने दोनदा नको म्हटलं. काकांनी चार्जर त्याच्या पिशवीत कोंबला, वर स्वतःच्या हाताने पावती लिहिली, 'जुना फोन चार्जरसह मिळाला', आणि तिच्यावर त्या माणसाची सही घेतली. माणूस जिना उतरेपर्यंत मागे वळून वळून पाहत होता. काकांना वाटलं, खात्याची शिस्त पाहून भारावला असेल.

खोक्यातून पडलेली घडी म्हणजे तीच पावती होती. चार्जर नव्हता.

घरात आणखी एक फोन होता, तारेचा, दारामागच्या तिपाईवर. पण त्याचे दिवस भरले होते. मुलगा दूरगावी होता. नवा मोबाइल पाठवताना त्याने अट घातली होती, बाबा, आता तो डबा काढून टाका. काकांनी जड अंतःकरणाने आठ दिवसांपूर्वी अर्ज दिला होता. तोही सुखासुखी दिला गेला नव्हता. कारकुनाने सव्वीस वर्षांपूर्वीच्या अर्जावरची सही काढली आणि आताची सही तिच्याशी जुळेना. काकांना अक्षरओळख तिशीनंतर झाली होती, तीही काकूंकडून, स्वयंपाकघरातल्या पाटीवर. तेव्हाची सही म्हणजे एकेक अक्षर एकमेकांशी भांडण झाल्यासारखं लांब लांब उभं. आता त्यांचं सख्य झालं होतं. कारकून म्हणाला, तेव्हासारखी करा. काकांनी ज्या खात्यात आयुष्य घालवलं, त्याच खात्याच्या बाकावर बसून चार कागदांवर अडाण्यासारखी सही करायचा सराव केला. पाचवी जुळली. कारकून म्हणाला, आठ दिवसांत लाइन बंद होईल. काका मनात म्हणाले, आठ दिवस? आमच्या वेळी दोन दिवसांत तोडली असती.

काल रात्री त्यांनी त्या फोनला ओल्या फडक्याने पुसून लखलखीत केलं होतं, उद्या-परवा न्यायला येतील तर खात्याच्या माणसाने नाव ठेवायला नको म्हणून. आणि आज सकाळी रिसीव्हर उचलून कानाला लावला, तर आत काहीच नाही. टोन नाही, खरखर नाही. विहिरीत कान घातल्यासारखं. खात्याने या वेळी दिलेला शब्द पाळला होता. काकांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला. एखाद्याला अभिमान वाटावा आणि रडूही यावं, अशी ती वेळ होती.

म्हणजे आता सगळा भरवसा एकोणतीस टक्क्यांवर होता.

काकांनी मुलाला फोन लावला. मुलगा म्हणाला, हो बाबा, हल्ली खोक्यात चार्जर देत नाहीत, खोक्यावर लिहिलेलं असतं. का देत नाहीत, असं काकांनी विचारलं. पर्यावरणासाठी, मुलगा म्हणाला. घरोघरी जुने चार्जर पडलेले असतात, ते वापरावेत म्हणून. मग त्याने विचारलं, जुना आहे ना तुमचा? काकांनी सांगितलं, आहे, म्हणजे होता. कुठे गेला हे सांगायला लागले, तर आपलं बोलणं ऐकताना त्यांना स्वतःलाच आपल्या बुद्धीची कीव आली. मुलगा बराच वेळ गप्प राहिला. त्या गप्प राहण्यात एक टक्का गेला.

शेजारी कॅशियर राहत. निवृत्त कॅशियर, पण नोटा मोजून झाल्यावर बोटं जशी वळवळत राहतात, तसा त्यांचा उपदेश चालू राही. काकांनी चार्जर मागितला, तर त्यांनी आधी एक वही आणली. मोबाइल फुटल्याच्या बातम्यांची कात्रणं त्यांनी वर्षानुवर्षं तारीखवार चिकटवली होती. एकाचा खिशात फुटला. एकाचा उशीखाली. एकाची नुसती बॅटरी फुगली, पण पलंग गेला. या सगळ्यांत काय साम्य आहे, असं कॅशियरनी विचारलं, आणि उत्तरही दिलं.

"परका चार्जर. प्रत्येक कात्रणात आहे. मी माझा देतो, नाही म्हणत नाही. पण उद्या या वहीत तुम्हाला चिकटवायची वेळ माझ्यावर आणू नका."

काकांनी पस्तीस वर्षं उघड्या तारांना हात लावला होता. विजेची त्यांना भीती नव्हती. पण वहीतल्या त्या काळवंडलेल्या पलंगाच्या चित्राकडे पाहून त्यांना वाटलं, फोन फुटला तर फुटो, पण तो नेमका नेत्रपेढीच्या बाई बोलत असताना फुटला तर? त्यांनी हात मागे घेतला.

खालच्या मजल्यावर शिक्षिका होत्या. त्यांनी कात्रणांचं सगळं खोटं ठरवलं आणि आपला चार्जर दिला. त्याचं टोक नव्या फोनच्या भोकाला चपटं पडलं. मग नव्या खोक्यातली वायर शिक्षिकाबाईंच्या चार्जरच्या ठोकळ्यात घालून पाहिली. वायरीची दोन्ही टोकं सारखीच, बारीक आणि गोलसर, आणि ठोकळ्याचं तोंड रुंद, चौकोनी. काकांनी वायर उलटी केली. मग पुन्हा सुलटी. दोन्ही टोकं सारखी असलेली वायर उलटी करून काय होणार, पण केली. हे सगळं नीट दिसावं म्हणून शिक्षिकाबाईंनी काकांच्याच फोनची विजेरी लावली होती. ती विझवेपर्यंत तेवीस झाले.

मग वरच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी वहिनी धावत आली. तिच्याकडे अगदी तसाच चार्जर होता, तसंच टोक, तोच ठोकळा. काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी फोन लावला, बटण दाबलं, आणि तेवढ्यात जिन्यातला दिवा गेला, पंखे थांबले आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये उसासा टाकून उभी राहिली. इमारतीचा मुख्य विजेचा फलक बदलायचा होता, दहा ते पाच. आठ दिवसांपासून तळमजल्यावर सूचना लावलेली होती. सगळ्यांनी वाचली होती. शिवणकाम करणाऱ्या वहिनीने म्हणून तर पहाटेपासून मशीन चालवलं होतं.

दहा वाजले होते. पाचला सात तास होते. टक्के बावीस.

काकांनी ठरवलं, परका चार्जर आपल्याला लाभत नाही, बाजारात जायचं, कंपनीचा चार्जर घ्यायचा, आणि जिथे वीज असेल तिथे लावायचा. काकूंना त्यांनी सांगितलं, जरा भाजीला जाऊन येतो. काकू म्हणाल्या, भाजी कालच आणलीत. काका म्हणाले, कोथिंबीर राहिली.

"फोन घेऊन चाललात ना?"

"हो. तो तर माझ्याबरोबरच."

"मग मला काही झालं तर मी काय करू?"

काकांनी शेजारच्यांना लक्ष ठेवायला सांगितलं आणि निघाले. जाता जाता जिन्यात सगळ्यांना बजावलं, कुणीही मला फोन करू नका, बॅटरी वाचवायची आहे. हीच त्यांची चूक झाली. ज्यांना फोन करायचं मनातही नव्हतं, त्यांना आता काळजी लागली.

फोनचं दुकान काचेचं, आत गार. दारात एका मुलीने त्यांना नंबराची चिठ्ठी दिली आणि बसायला सांगितलं. काका खुर्चीच्या कडेवर बसले. फोन तळहातावर धरून ते त्याच्याकडे असं पाहत होते, जसं तापलेल्या लेकराच्या कपाळाकडे पाहतात. बघायला पडदा उजळला की टक्का जातो हे ठाऊक होतं, आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं.

फोन वाजला. काकांनी उचलला. कॅशियर विचारत होते, चालू आहे ना फोन? काकांच्या तोंडून पस्तीस वर्षांचं वाक्य आपोआप निघालं.

"लाइन चालू. ठेवा."

आणि त्यांनी फोन कापला. खांबावर चढून तार जोडली की एक्स्चेंजमधून टेस्टचा फोन यायचा. तेव्हा हेच बोलायचं असे. एवढंच. त्याहून जास्त बोलणाऱ्या लाइनमनला मुकादम खाली उतरवत असे. काकांना जरा बरं वाटलं. निदान एक काम तरी आपल्याला येतं.

पुन्हा वाजला. शिक्षिकाबाई. लाइन चालू, ठेवा. पुन्हा वाजला. शिवणकामाची वहिनी, वीज अजून आली नाही हे सांगायला. लाइन चालू, ठेवा. पुन्हा वाजला. मुलगा होता, काकांनी त्यालाही तीन शब्दांत निकालात काढलं. पुन्हा वाजला, या वेळी पलीकडून नुसता एक श्वास ऐकू आला. काकांनी त्या श्वासालाही लाइन चालू असल्याचं सांगितलं आणि फोन ठेवायला लावला. टक्के अकरा.

नंबर आला. काउंटरवरच्या माणसाच्या अंगात कंपनीचा निळा सदरा होता आणि तोंडात कंपनीचंच बोलणं. त्याने फोन इथून घेतलात का विचारलं. काका म्हणाले, मुलाने मागवला, घरी आला. मग तो म्हणाला, कंपनीचा चार्जर बिल दाखवल्याशिवाय देता येत नाही, नाहीतर वॉरंटीत बसत नाही. बिल कुठे आहे? फोनमध्ये आहे. मग दाखवा. काकांनी फोन उघडला. बिल सापडेना. निळ्या सदऱ्याने फोन हातात घेतला आणि बोटं भराभर फिरवली. पडदा उजळ, नेट चालू, पानं उलगडताहेत, आणि काका कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहत होते. आठ. सात. बिल सापडलं तेव्हा पाच.

"खोक्यावर लिहिलेलं असतं, काका," निळा सदरा म्हणाला. "वाचून घ्यायचं ना."

काकांना ते शब्द लागले. वाचायला शिकायला त्यांना किती वर्षं लागली होती, हे निळ्या सदऱ्याला काय ठाऊक. आणि खोक्यावरची अक्षरं म्हणजे मुंगीने पाय पुसल्यासारखी. तसलं बारीक वाचायचं काम घरात नेहमी काकू करत. गेली तीन वर्षं घरातलं बारीक अक्षर कुणीच वाचलेलं नव्हतं. औषधांच्या बाटल्यासुद्धा आकारावरून ओळखत. पण हे त्यांनी सांगितलं नाही. म्हणाले, चष्मा घरी राहिला.

निळा सदरा चार्जर आणायला आतल्या खोलीत गेला. काका उभेच होते. तीन टक्के. त्यांनी मनाशी हिशेब मांडला: तो येईल, प्लग मिळेल, दोन मिनिटांचा प्रश्न आहे. तळहाताला घाम आला होता म्हणून फोन दुसऱ्या हातात घेतला. आणि फोन वाजला.

"लाइन चालू. ठेवा."

त्यांनी कापला. कापल्यानंतर एका क्षणाने त्यांच्या कानाने तो आवाज मेंदूपर्यंत पोचवला. बाईचा होता. शिक्षिकाबाईंचा नव्हता. वहिनीचा नव्हता. साधा आवाज, कामाचा, ज्यात एक शब्द अर्धा उच्चारून झाला होता. "नेत्र—"

पडदा काळा झाला.

काकांनी काउंटर धरला. फोनचं बाजूचं बटण दाबलं, दाबलंच, अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबलं. निळा सदरा बाहेर आला तो हसत, हातात एक छोटं खोकं. काकांनी पैसे काउंटरवर टाकले, ते त्याच्या हातातून ओढूनच घेतलं आणि प्लग कुठे आहे विचारलं. तो म्हणाला, ग्राहकांचे फोन इथे लावायला परवानगी नाही, शोभेचे फोन चालू ठेवायचे असतात. भिंतीवर चाळीस फोन ओळीने चमकत होते, सगळे भरलेले, शंभर शंभर टक्के, आणि त्यांतल्या एकावरही कुणाचा फोन येणार नव्हता.

शेजारी सलून होतं. काका आत शिरले तेव्हा न्हावी एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावत होता. काकांनी फक्त प्लगकडे बोट दाखवलं. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून न्हाव्याने काहीही न विचारता केस कापायच्या मशीनचा प्लग काढून दिला.

फोन लागला. पडद्यावर एका रिकाम्या बॅटरीचं चित्र आलं आणि तसंच राहिलं. एक मिनिट. दोन. गिऱ्हाईक म्हणालं, नवा फोन पहिल्यांदा बारा तास लावतात. न्हावी म्हणाला, ते जुनं झालं. त्या दोघांत वाद सुरू झाला. चार मिनिटं. दोनदा लावू, बाई म्हणाल्या होत्या, मग पुढचं नाव. पुढचं नाव कुणाचं असेल? काकांच्या मनात एक अनोळखी घर आलं, तिथे कुणी तरी हात पुसत फोन उचलत होतं, आणि हॅलो म्हणून ऐकत होतं. आपल्यासारखं नाही. ऐकत होतं.

फोन जागा झाला, गाणं वाजवून. मग, एरवी अंगठ्यानेच उघडणाऱ्या त्या फोनने आकडे मागितले. मुलाने सांगून ठेवलेले चार आकडे. काकांनी काकूंचं जन्मवर्ष घातलं. चूक. लग्नाचं घातलं. चूक. मुलाचं घातलं. फोन म्हणाला, अर्धं मिनिट थांबा. फोनसुद्धा आता काउंटरवाल्यासारखं बोलत होता. चौथ्यांदा काकांनी तारेच्या टेलिफोनच्या नंबरातले शेवटचे चार आकडे घातले, कारण आता त्यांना दुसरं काही आठवत नव्हतं. उघडला. नेत्रपेढीचा नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. म्हणजे कुणाशी तरी बोलणं चालू होतं. त्या दुसऱ्या घराशी.

वायर फोनला लोंबकळत ठेवून काका घराकडे निघाले. चालत होते की पळत होते हे त्यांनाच कळत नव्हतं. काय सांगायचं? गेला म्हणून सांगायचं? की काहीच झालं नाही असं दाखवायचं, आणि पुढे वर्षभर एकट्याने ते पोटात ठेवायचं? काकू विचारतील, कोथिंबीर कुठे. त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं, आपण खोटं बोलू शकू का. उत्तर आलं, बोलू शकू, पण तिला ऐकू येईल.

लिफ्ट बंद. तीन मजले. प्रत्येक पायरीवर त्यांना वाटलं, इथे बसावं आणि उठूच नये.

दार उघडं होतं. काकू दारामागच्या तिपाईशेजारी स्टुलावर बसल्या होत्या, बाहेर जायची साडी नेसून. पायाशी पिशवी. पिशवीतून टॉवेलाची कड आणि डॉक्टरांच्या कागदांची फाइल दिसत होती. एक हात टेलिफोनवर होता, जसा लहान मुलाच्या डोक्यावर ठेवतात.

"कुठे होता?" त्या म्हणाल्या. "चार वेळा लावला. आधी तर मलाही म्हणालात, लाइन चालू, ठेवा. मग बंदच."

काका दारातच उभे राहिले. तो श्वास.

काकूंनी सांगितलं ते असं. वीज गेली, घर गप्प झालं, आणि त्यांना एकटं वाटायला लागलं. म्हणून त्यांनी हा फोन उचलला. मुका. मग त्यांनी बोटाने दोरीचा माग काढला, तिपाईवरून खाली, भिंतीपर्यंत. प्लग भिंतीतून अर्धा बाहेर लोंबत होता. काल रात्री कुणीतरी फार जोरात पुसलेला दिसत होता. त्यांनी तो आत दाबला, खट् आवाज झाला आणि टोन आला.

"पस्तीस वर्षं लोकांना काय विचारलंत, सांगा बघू."

काकांनी भिंतीकडे पाहिलं. पस्तीस वर्षं प्रत्येक तक्रारीला त्यांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, प्लग बघितलात का. कित्येक शिकल्यासवरल्या माणसांना त्यांनी या प्रश्नाने खाली पाहायला लावलं होतं. आणि आज, खात्याने वेळेवर काम केलं अशा एका अंधश्रद्धेपायी, त्यांनी स्वतःच्या घरात भिंतीकडे पाहिलंच नव्हतं. खात्याने काम केलं नव्हतं. लाइन तोडायला कुणी फिरकलंही नव्हतं. खात्याच्या आळसाचे एवढे उपकार काकांवर कधी झाले नव्हते.

"नेत्रपेढीतल्या बाईंचा फोन आला, इथे," काकू म्हणाल्या. "अर्जात हाही नंबर दिलेला होता ना. त्या विचारत होत्या, तुमच्या मोबाइलवर कुणी तरी उचलतं आणि ठेवा म्हणतं, ते कोण? मी म्हटलं, ते आमचेच."

"मग?"

"दोन तासांत या म्हणाल्या. पाऊण तास झाला."

काकांनी पिशवी उचलली. काकूंचा हात धरला, तेव्हा तो गार होता. इतका वेळ काकांना वाटत होतं, घाबरलेलं घरात आपण एकटेच. जिना उतरताना काकू म्हणाल्या, माझे पाय लटपटताहेत, सावकाश चला. काका म्हणाले, माझेही. मग दोघं एकमेकांच्या आधाराने तीन मजले उतरले. कोण कुणाला धरून होतं हे सांगता येणार नाही.

टॅक्सीत काकू एवढंच म्हणाल्या, आज कुणाच्या तरी घरी माणूस गेलं असेल, आपण तिकडेही मनाने हात जोडू या. दोघांनी जोडले. काकांच्या जोडलेल्या हातांमध्ये नव्या चार्जरची वायर अडकली होती.

इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी काकूंना आत नेताना परिचारिकेने विचारलं, बाहेर कोण आहे, फोन चालू ठेवा. काका बाकावर बसले. बाकामागे प्लग होता. त्यांनी आधी प्लग भिंतीत घट्ट बसलाय ना ते बोटाने दाबून पाहिलं, मग फोन लावला, आणि दार उघडेपर्यंतच्या दोन तासांत एकदाही टक्के पाहिले नाहीत. फोन शंभरावर गेला तेव्हा काका डोळे मिटून बसले होते.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सगळं हळूहळू येईल, घाई करायची नाही. पहिल्या महिन्यात काकूंना खिडकीची चौकट दिसली. दुसऱ्यात काकांचं नाक, आणि त्यावर त्या म्हणाल्या, होतं तेवढंच आहे. तारेचा फोन काढायचा अर्ज परत घ्यायला काका खात्यात गेले, तर कारकून म्हणाला, असा अर्ज आमच्याकडे आलेलाच नाही. काकांनी वाद घातला नाही. त्यांनी मनापासून धन्यवाद मानले. कारकुनाला ते इतकं अनोळखी वाटलं की त्याने मान वर करून पाहिलं.

चौथ्या महिन्यात एका दुपारी काकूंनी कपाट आवरायला काढलं. खोकं हाती लागलं. चष्मा सारखा करून त्यांनी ते खिडकीकडे नेलं, उजेडात तिरकं धरलं, आणि तळाशी मुंगीच्या पायांसारखी जी ओळ होती, ती सावकाश, बोट ठेवून वाचली.

"यासोबत चार्जर येत नाही."

काका पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला. त्या वाक्याचा अर्थ त्यांना चार महिन्यांपूर्वीच कळला होता. पण ते काकूंनी वाचलेलं ऐकून ते खिडकीबाहेर पाहू लागले.

काकूंनी खोकं उघडलं. आतून पावती निघाली. 'जुना फोन चार्जरसह मिळाला.' त्या बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या. स्वयंपाकघरातल्या पाटीवर हे अक्षर त्यांनीच गिरवून घेतलं होतं, आणि तीन वर्षांत त्यांना ते एकदाही दिसलं नव्हतं.

"अजून ओळीवर बसत नाही," त्या म्हणाल्या. "उद्यापासून रोज एक पान लिहायचं. मी तपासणार."

दारामागचा फोन वाजला. काका उठले, रिसीव्हर उचलून कानाला लावला, आणि काही न बोलता, पलीकडचं बोलणं पुरतं संपेपर्यंत, ऐकत उभे राहिले.